वाटी परत जाणार नाही

पप्पा, मंडळीत मी घेत होते तो बायबलमधल्या पत्रांचा अभ्यास माझ्याकडून काढून घेतला. नगरला अजून कुणाला कळवलेलं नाही, आधी तुम्हाला सांगते आहे. त्या पत्रांचं वेड मला तुम्ही लावलंत, आणि ती माझ्या हातून गेली त्याची सुरुवातही, मागे मागे जात शोधलं तर, तुमच्याच एका संध्याकाळपाशी येऊन थांबते. तेव्हा भांडायला लिहिते आहे हे आधीच सांगून टाकते. तुम्ही होतात तोवर मी तुमच्याशी वाद घातला नाही. आपल्या घरात कुणीच घालत नसे. तुम्ही गेलात तेव्हा मी जपानला आलेही नव्हते, मला मूल झालेलं नव्हतं. आता माझी मुलगी माझ्या खांद्याला लागते आणि माझ्याच केसांत पांढरं दिसायला लागलं आहे. आता तुमच्याशी बरोबरीने बोलायला हरकत नसावी.

आम्ही तोकियोत राहतो, कोतो वॉर्डात, तोयोसूच्या खाडीकाठच्या उंच इमारतींपैकी एकीत. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, नवरा दुसऱ्या कंपनीत आहे आणि महिन्यातले निम्मे दिवस ओसाकाला असतो. रविवारी दुपारी वॉर्डाच्या सार्वजनिक केंद्रातली एक खोली भाड्याने घेऊन आमची मराठी ख्रिस्ती मंडळी जमते. देऊळ म्हणावं असं तिथे काही नाही. घडीच्या खुर्च्या, एक पांढरा फळा, कोपऱ्यात फुलांच्या वर्गाच्या फुलदाण्या. आमच्या आधी तिथे म्हाताऱ्या माणसांचा गाण्याचा वर्ग असतो आणि आमच्यानंतर मुलांचा बुद्धिबळाचा. जमणारे सगळे काँट्रॅक्टवरचे, कुणी आयटीतले, कुणी बँकेच्या पोस्टिंगवर आलेले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, सगळे तंबूवालेच की! पहिल्या काळातला तो प्रेषित, जो गावोगाव तंबू शिवून पोट भरायचा आणि मागे राहिलेल्या मंडळ्यांना पत्रं पाठवायचा, त्याला तुम्ही ‘आपला तंबूवाला’ म्हणायचात, जणू तो माळीवाड्यात दुकान टाकून बसला आहे. आणि त्याचं ज्याच्याशी वाजलं तो दुसरा प्रेषित, मासेमारी सोडून आलेला, तो ‘कोळी’. आमच्यातली वसईची माणसं क्रूसाची खूण करतात, नगरची करत नाहीत. पुण्याचं एक जोडपं टाळ्या वाजवून गातं आणि सोलापूरच्या एक बाई त्या टाळ्या सुरू झाल्या की कपाळाला हात लावतात. आपल्याकडे ही माणसं एका छपराखाली कधी बसली नसती. इथे दुसरं छप्पर नाही, म्हणून बसतात. पत्रांतल्या मंडळ्या तरी काय वेगळ्या होत्या? कुणाच्या तरी घरातली पुढची खोली, आणि तिच्यात यहुदी, परके, गुलाम, व्यापारी, बंदरावरच्या गावची एखादी बाई. प्रत्येक गावाची रीत वेगळी, प्रत्येक गावाचं भांडण वेगळं. हेच मी दर रविवारी शिकवत होते.

शिकवायची पद्धत तुमचीच. बुधवारची संध्याकाळ आहे, मिशन कंपाउंडातल्या शाळेच्या क्वार्टरचं स्वयंपाकघर. आई भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर, आम्ही भावंडं आणि कंपाउंडातली चार माणसं चटईवर. तुम्ही शाळेत इतिहास शिकवता आणि मंडळीत ‘वडील’, म्हणजे कारभार बघणाऱ्यांपैकी, आहात, पण बुधवारी पत्रं वाचताना तुमचा आवाज वेगळाच लागतो, कुणाच्या घरची आतली गोष्ट सांगावी तसा. “पत्र कोण लिहितं?” तुम्ही विचारता. “सगळं ठीक असलं तर कोण कशाला लिहील? तिकडे काहीतरी पेटलंय, म्हणून हा इकडून लिहितोय.” मग काय पेटलं असेल ते आम्ही ओळखायचं, कारण आपल्या हातात एकाच बाजूचं पत्र आहे, करिंथच्या लोकांनी काय विचारलं होतं तो कागद गेला. टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाशेजारी बसलोय असं समजा, तुम्ही म्हणायचात, पलीकडचा काय म्हणतोय ते ह्याच्या तोंडाकडे बघून ओळखा. रोमच्या पत्राच्या शेवटी सलामांची लांबलचक यादी आहे, ती चर्चमधले सगळे पाळक गाळायचे. तुम्ही ती आमच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचात. ह्याला सलाम सांगा, तिला सलाम सांगा. “ह्यातली कितीतरी नावं गुलामांची आहेत,” तुम्ही सांगायचात. “मालकाच्या दारात त्यांना नाव नव्हतं. पत्रात आहे.”

आणि तुमची सगळ्यात आवडती गोष्ट अंत्युखियाची. कोळी तिथे परक्यांच्या पंगतीला आनंदाने जेवत होता. यरुशलेमहून, यहुद्याने परक्यांबरोबर जेवणं ज्यांना चालत नसे अशी वजनदार माणसं आली तसा तो हळूच ताटावरून उठला आणि वेगळा बसला. मग तंबूवाल्याने त्याला सगळ्यांदेखत झाडलं, आणि तेवढ्यावर न थांबता नंतर एका पत्रात लिहूनही टाकलं. हे सांगताना तुम्ही पाटावरून अर्धवट उठायचात. “असा उठला बघा, असा! कुणाचं लक्ष नाही असं बघून!” आई म्हणायची, “अहो, बसा खाली. आमटी लवंडेल.” चटईवरचे सगळे हसायचे. आपल्यासारख्यांच्या घरात ती गोष्ट का आवडते हे मला तेव्हा कळत नव्हतं.

आता काय पेटलं ते सांगते. आमच्या खालच्या मजल्यावर पुण्याची एक बाई राहते, माझ्याच वयाची. मागच्या हिवाळ्यात सायकलवरून पडून माझं मनगट मोडलं तेव्हा नवरा ओसाकाला होता. हात बरा होईपर्यंत तिने आमच्या दोघींचा स्वयंपाक केला. वर कधी उपकाराची भाषा नाही. “मी काय वेगळं करते? कुकरला एक भांडं जास्त,” एवढंच. तिच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. मोदकांना ती इथलंच तांदळाचं पीठ घेते, नारळ गोठवलेला, गूळ इंडियन दुकानातला, तरी पाकळ्या अशा पडतात की बघत राहावं. यंदाही डबा घेऊन दारात आली आणि दरवर्षी विचारते तसंच म्हणाली, “अगं, तुमच्यात चालतं ना? नैवेद्य दाखवलेले आहेत हे. चालत नसेल तर स्पष्ट सांग हं, न दाखवलेले वेगळे काढून ठेवलेत मी.” मी म्हटलं, “चालतं.” तिने डबा माझ्या हातात दिला आणि मी त्या संध्याकाळी खाल्ले.

दुसरा दिवस रविवारचा. मी खुर्च्या लावायला आधी गेले आणि मुलगी मागून आली. येताना तिने उरलेले मोदक एका नीटस खोक्यात भरून आणले आणि जेवणाच्या टेबलावर, लाडू आणि केक यांच्या मधोमध ठेवले. तिने हे का केलं ते मला लगेच कळलं. इथे कुणी काही दिलं की त्यातला वाटा पुढे आणखी कुणाला तरी द्यायचा, अशी रीत आहे. त्याला ओसुसोवाके म्हणतात. ती लहानपणापासून तेच बघत आली आहे. शेजारच्या आजींनी दिलेली संत्रीसुद्धा ती शाळेतल्या मैत्रिणींना नेऊन देते. एकट्याने संपवणं तिला बरं वाटत नाही. आपल्याला चांगलं काही मिळालं, ते सगळ्यांना पोचवलं, एवढंच तिच्या मनात.

मोदक भराभर संपले. मग एका मुलीने विचारलं, “कुणी केलेत एवढे सुंदर?” ही नाशिककडची, नोकरीला एकटी आलेली, इथेच मागच्या वर्षी तिचा बाप्तिस्मा झाला. माझी मुलगी आनंदाने म्हणाली, “खालच्या आंटीने. गणपतीचे आहेत.”

नाशिकच्या मुलीने हातातला अर्धा मोदक कागदी बशीत ठेवला आणि ती बाहेर वॉशरूमकडे गेली. आमच्या मंडळीचे ‘वडील’, मुंबईच्या एका बँकेचे अधिकारी, पन्नाशीचे गृहस्थ, खोलीचं बुकिंग, चाव्या, सगळं तेच बघतात, त्यांनी बशी खाली ठेवली.

“सिस्टर, हे दाखवलेले आहेत?”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“दाखवलेले आहेत हे माहीत होतं. ते इथे आलेत हे इथे आल्यावर कळलं.”

“म्हणजे कधी? खोकं उघडलं तेव्हा, की रिकामं झालं तेव्हा?”

पप्पा, माणूस बँकेत उगाच चढलेला नाही. “उघडलं तेव्हा,” मी म्हटलं. खरं तेच होतं.

“मग बोलला का नाहीत?”

वसईचे काका पुटपुटले, “मी तीन खाल्लेत. आता काय करायचं ते तरी सांगा.” कुणी हसलं नाही. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि केंद्राचे म्हातारे रखवालदार वाकून म्हणाले, “जिकान देस.” वेळ झाली. मग आम्ही सगळ्यांनी तेच केलं जे दर रविवारी करतो. खोली होती तशी करून द्यायची असते. वडिलांनी पिशवी धरली, मी त्यात जळणारा कचरा टाकला, मग दुसरी धरली, तिच्यात बाटल्या, झाकणं वेगळी. मोदकांचं खोकं हातात आलं तेव्हा ते म्हणाले, “हे कागदात.” मी ते चपटं केलं. पुन्हा एकमेकांना वाकून नमस्कार करून आम्ही बाहेर पडलो. मुलगी सायकल हातात धरून चालत होती. तिने जपानीत विचारलं, मी काही चुकीचं केलं का? मी मराठीत सांगितलं, तू नाही. तिला ते पुरलं नसावं.

दोन दिवसांनी वडिलांचा मेसेज आला. सभ्य भाषा, सुरुवातीला आणि शेवटी आशीर्वाद. म्हणणं असं, की येत्या रविवारी मी उभं राहून कबूल करावं, की मूर्तीचा प्रसाद मंडळीच्या टेबलावर येऊ देणं हे पाप झालं. आणि मुलीनेही माझ्याशेजारी उभं राहून माफी मागावी. ‘तिला ह्याच वयात समजलेलं बरं. इथल्या वातावरणात मुलं काय काय शिकतात आपल्याला कळत नाही.’ तोवर पत्रांचा अभ्यास ते स्वतः घेतील.

पहिली मागणी वाचून मी विचारात पडले. दुसरी वाचली आणि मी नगरला पोचले.

मी चौथीत आहे. कंपाउंडाच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या काकू, ज्यांच्या मुलीबरोबर मी लगोरी खेळते, गणपतीत दारात येतात आणि मोदकांची स्टीलची वाटी माझ्या हातात देतात. वर रुमाल. वाटी अजून गरम आहे. मी पहिलाच मोदक तोंडात घालणार तेवढ्यात तुम्ही दारात उभे. तुम्ही ओरडत नाही. तुम्ही कधीच ओरडला नाहीत. “जा, परत देऊन ये,” तुम्ही म्हणता. “सांग, आमच्यात चालत नाही.” आई चुलीपाशी, तिची पाठ आमच्याकडे, आणि ती पाठ हलत नाही. मी भिंतीला वळसा घालून जाते, त्या दारात उभी राहते आणि शिकवलेलं वाक्य म्हणते. काकूंचा चेहरा आधी हसरा, मग काय झालं ते समजल्यावरचा. त्या वाटी घेतात. माझ्या डोक्यावरून हात फिरवायला हात उचलतात आणि मध्येच मागे घेतात, आता तेही चालत नसेल असं वाटून. पप्पा, मला त्या दोन चेहऱ्यांपेक्षा तो मागे गेलेला हात जास्त आठवतो. त्यानंतर त्यांच्या मुलीने मला लगोरीला बोलावलं नाही. मीही गेले नाही. पुढच्याच बुधवारी तुम्ही अंत्युखियाची गोष्ट सांगितलीत. “असा उठला, असा!” सगळे हसले. मी हसले नाही, आणि तुमच्या ते लक्षात आलं नाही.

आज लिहिते. त्या आठवड्यात ताटावरून तुम्ही उठला होतात. आणि तुम्ही स्वतःही उठला नाहीत, मला उठवलंत.

म्हणून वडिलांच्या मेसेजला मी त्याच संध्याकाळी उत्तर दिलं: मी बोलेन, मुलगी उभी राहणार नाही. मी माझ्या मुलीला वाटी परत करायला पाठवणार नाही. हे शेवटचं वाक्य त्यांना कळलं नसणार. राहू दे.

पण मी तुमचीच मुलगी, मला आधी नीट वाचल्याशिवाय भांडता येत नाही. उरलेल्या आठवड्यात मी ऑफिसला जाताना, येताना, यामानोते लाइनची गाडी चुकवूनसुद्धा, तेवढंच वाचत होते. यरुशलेमच्या पुढाऱ्यांनी अंत्युखियाला पाठवलेलं पत्र आहे. त्यात परक्यांतून आलेल्यांना स्पष्ट सांगितलंय, मूर्तीला दाखवलेलं खाऊ नका. बेटावर हद्दपार झालेल्या त्या माणसाने सात मंडळ्यांना पत्रं पाठवली. त्यातल्या दोघींना तर असलं खाण्यावरून चांगलंच फैलावर घेतलंय. आणि मध्ये आपला तंबूवाला, करिंथला लिहितो, मूर्ती म्हणजे काहीच नाही, अन्नाने कुणी देवाच्या जवळ जात नाही की लांब जात नाही. कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा. तीन पत्रं, तीन उत्तरं, आणि तिन्ही एकाच पुस्तकात शिवलेली. ज्यांनी शिवली त्यांना हे दिसलं नसेल? त्यांनी एक खरं म्हणून दुसरं पत्र जाळलं नाही. वडील त्यांच्या पत्राच्या बाजूचे आहेत, मी माझ्या. ते खोटं बोलत नाहीत. पण ते म्हणतात की एकच पत्र आहे, तिथे मी थांबते.

आणि माझंच पत्र पुढे वाचल्यावर मी पुन्हा थांबले. तंबूवाला तिथेच पुढे लिहितो, की तुझ्या शेजारी एखादा असा बसला असेल ज्याचं मन ह्या बाबतीत हळवं आहे, तर त्याच्यासाठी तू हात आवर. तुला सगळं कळतं म्हणून त्याला पाडू नको. खोकं उघडलं तेव्हा मला सगळं कळत होतं. आणि मी गप्प बसले, कारण सगळे आवडीने खात होते आणि मला ते बघायला बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यात थोडी जिरवल्याची मजासुद्धा होती. तुमची जिरवल्याची.

शनिवारी मी नाशिकच्या मुलीला भेटायला गेले. स्टेशनजवळच्या कालव्याकाठच्या बाकावर बसलो, तिने दोघींसाठी कोनबिनीतून, चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानातून, थंड चहाच्या बाटल्या आणल्या. मी म्हटलं, मला माहीत होतं आणि मी तुला सांगितलं नाही, त्याबद्दल माफ कर. ती बाटलीचं झाकण फिरवत म्हणाली,

“ताई, बाप्तिस्म्याच्या आधीपासूनच, गणपतीला घरी गेले की आई प्रसाद पुढे करते आणि मी नाही म्हणते. त्यावरून आमचं बोलणं बंद होतं, पार दिवाळीपर्यंत. मला काय ते सोपं जातं?”

“नसेल जात.”

“आणि इथे मी हसत हसत खाल्ला. आईला कळलं तर ती काय म्हणेल? परक्यांच्यात खातेस, माझा खात नाहीस.” तिने नाक पुसलं. “मला आधी सांगायचं होतं तुम्ही. कदाचित मी खाल्लाही असता. पण ते मी ठरवलं असतं.”

मी दुसऱ्यांदा माफी मागितली. ती म्हणाली, “एकदा पुरे.” मग थोड्या वेळाने, “छान होते मात्र,” आणि आम्ही दोघी हसलो.

रविवारी मी उभी राहिले. मुलगी पुढच्या रांगेत, मान खाली, माझी पर्स मांडीवर घट्ट धरून. मी म्हटलं, “मला माहीत असून मी तुम्हाला सांगितलं नाही. तुमचं ठरवणं तुमच्या हातून काढून घेतलं. त्याची मी माफी मागते. मोदकांत पाप होतं असं मी म्हणणार नाही, कारण मला तसं वाटत नाही. आणि माझ्या मुलीने मिळालेलं वाटून खाल्लं, त्याची माफी इथे कुणी मागणार नाही.”

वडील म्हणाले, “सिस्टर, ही अर्धी माफी झाली.”

“अर्धीच चूक झाली आहे, ब्रदर.”

सोलापूरच्या बाई म्हणाल्या, “अगं, म्हणून टाक ना दोन शब्द. काय जातंय?” त्या मनापासून म्हणत होत्या. मी त्यांना सांगू शकले नाही काय जातं ते. वडिलांनी प्रार्थना केली, माझं नाव घेऊन केली, आणि त्यांचा आवाज खरंच भरून आला होता. तो मला खोटा वाटला नाही. मग त्यांनी फळ्यावर त्या दिवसाचा पाठ लिहिला. तेव्हापासून पत्रं तेच शिकवतात. सलामांची यादी गाळतात.

मंडळी सोडून दे, असं नवरा म्हणाला. तोकियोत इंग्रजी चर्चेस काय कमी आहेत. मी सोडली नाही. मी दर रविवारी जाते, मागच्या रांगेत बसते, आणि जेवायला त्याच टेबलाला बसते. मला उठवायचं असेल तर कुणीतरी स्पष्ट शब्दांत उठवावं. मी आपण होऊन ताटावरून उठणार नाही.

आणि बुधवारी माझ्या स्वयंपाकघरात पत्रं वाचली जातात. चार-पाच जणच येतात. वसईचे काका, टाळ्यांचं जोडपं, कधी नाशिकची मुलगी. खालच्या मजल्यावरची एकदा डबा द्यायला आली ती तशीच बसली. रोमची यादी चालली होती. “ही एवढी कुणाकुणाला सलाम?” तिने विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाली, “आमच्या आजीची पत्रं अशीच असायची. मजकूर दोन ओळी, बाकी सगळ्यांना आशीर्वाद.” मोदकांवरून काय झालं ते मी तिला सांगितलेलं नाही. तिने कळून हात मागे घ्यावा, हे मला दुसऱ्यांदा बघायचं नाही.

टेबलावरच्या चिठ्ठ्यांची कल्पना मुलीची. इथे दुकानात साध्या बिस्किटावरसुद्धा काय काय आहे ते छापलेलं असतं, अंडं, दूध, कोळंबी, गहू. ती म्हणाली, अर्धं जपानीत आणि अर्धं मराठीत, की ज्याला जे चालत नाही ते तो वाचून ठरवेल, मग भांडायचं कशाला? आता आमच्या घरून जे जातं त्याच्यावर तिच्या अक्षरातली छोटी चिठ्ठी असते: कुणी केलं, काय घातलं, दाखवलेलं की नाही. रविवारीही. पहिल्या वेळी खोलीत कुजबुज झाली. वडिलांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, खोकं हातात धरून, कितीतरी वेळ. मला वाटलं, आता उचलून कचऱ्यात टाकतात. ते माझ्या मुलीला म्हणाले, “शेंगदाणे आहेत का ह्यात? ते लिहिलं नाहीस. मला त्रास होतो.” तिने खिशातून पेन काढून लिहिलं. त्यांनी खाल्लं नाही. पण खोकं होतं तिथेच परत ठेवलं.

आता तुमची बाजू. हे पत्र कधी कुणाच्या हाती लागलं तर त्याला एकट्या माझंच म्हणणं सापडेल, आणि ते बरोबर होणार नाही. पलीकडचा काय म्हणत होता ते मलाच लिहायला हवं. तुम्ही एकदाच बोलला होतात. आजोबांच्या गावाहून आपण दोघं एसटीने परत येत होतो, मी कॉलेजात होते. खिडकीतून देऊळ दिसलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आजोबा पोरवयात त्या पायऱ्यांच्या खाली उभे राहायचे. प्रसाद वरून ओंजळीत टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून. नेम चुकला तर मातीत पडायचा, तो उचलून खायचा. मिशनच्या शाळेत पहिल्यांदा कुणी त्यांच्या हातात हात लावून वाटी दिली. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की आपल्या घरात पुन्हा तिकडचं काही येणार नाही. तुम्ही एवढंच बोललात. म्हणजे चौथीतल्या मुलीच्या हातात तुम्हाला मोदक दिसलेच नव्हते; तुम्हाला ओंजळ दिसली होती. हे मी समजू शकते. आजोबांचा शब्द मी हलका मानत नाही, मानला तर माझ्या तोंडात घास जाऊ नये.

तरीही, पप्पा. त्या काकूंनी वरून टाकलं नव्हतं. त्या दार वाजवून आल्या होत्या, वाटीवर रुमाल होता, आणि त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली होती. आजोबांना जे मिळालं नाही ते अगदी तेच त्या दिवशी आपल्या दारात आलं होतं, आणि तुम्ही ते परत पाठवलंत. हे मी मागे घेणार नाही. तुम्ही समोर असतात तर तोंडावर म्हटलं असतं, आणि वर लिहूनही ठेवलं असतं, तुमच्या तंबूवाल्यासारखं.

सलाम सांगायचे तर आधी त्या काकूंना. मग चुलीपाशी पाठ करून उभ्या राहिलेल्या आईला. मग तुम्हाला.

आज बुधवार आहे, थोड्या वेळात लोक येतील. ह्या पत्राला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते पेटीत टाकलं असतं की नाही, सांगता येत नाही. पण एवढं बोलले आहे, तर हेही सांगते. यंदा खालच्या बाईने डबा हातात दिला, मी ‘चालतं’ म्हटलं, आत आले, झाकण उघडलं आणि मोदक उचलला. घरात कुणी नव्हतं. तो तोंडात घालायच्या आधी मी दाराकडे बघितलं. दरवर्षी बघते.